‘किती देते?’

एखाद्या वस्तूचें घरांत स्वागत कोणत्या प्रश्नानें होतें, यावरून त्या वस्तूविषयीं समाजाची खरी भावना ओळखावी. नवी सून आली म्हणजे ‘कोठली?’, नवी जागा घेतली म्हणजे ‘केवढ्याला?’ आणि नवी मोटार दारांत उभी राहिली म्हणजे ‘किती देते?’ हा तिसरा प्रश्न मूळचा म्हशीचा. दुभत्या जनावराचा प्रश्न पेट्रोल पिणाऱ्या यंत्रास लावण्यांत आमच्या लोकांची विनोदबुद्धि दिसते, तशीच व्यवहारबुद्धिहि दिसते. फरक इतकाच कीं, म्हैस काय देते तें धनी रोज चरवींत मापून घेतो. मोटार काय देते तें मात्र तो बहुधा ऐकून सांगतो.

कांजूरमार्गास आम्ही राहतों त्या इमारतीच्या आवारांत साठसत्तर मोटारी उभ्या असतात व त्यांतील बहुतेक लहान आहेत. संध्याकाळीं बांकावर बसून आम्हीं त्यांच्या मालकांस हा प्रश्न विचारून पाहिला आहे. बहुतेकांचें उत्तर ‘अठरा’. गाडी जुनी असो कीं नवी, मालक रोज ठाण्यास जाणारा असो कीं रविवारीं देवदर्शनापुरती ती बाहेर काढणारा असो, उत्तर अठराच. पुढें ‘हें आपण मोजलें कसें?’ असें विचारलें कीं संभाषण हवापाण्याकडे वळतें. या आकड्यास आमच्याकडे ‘ॲव्हरेज’ म्हणतात. आम्ही आयुष्यभर गणित शिकवीत आलों. परंतु सरासरी हा शब्द ज्यांत कशाचीहि सरासरी काढलेली नसते अशा ठिकाणीं इतक्या सर्रास वापरलेला आम्हीं दुसरा पाहिला नाहीं.

ही काटकसरीची चिंता कालची नव्हे. आमच्या दारावरून जाणारा लालबहादुर शास्त्री मार्ग, ज्याला जुनी मंडळी अजूनहि आग्रा रोड म्हणतात, त्याच रस्त्यावर कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या या कंपनीची फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचें रूप घेऊन इतकीं वर्षें धांवली कीं २०२३ सालच्या ऑक्टोबरांत शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हां पुष्कळांस घरचें वडीलधारें माणूस गेल्यासारखें वाटलें. त्या काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. मोटार मिळाली हेंच भाग्य, ती पितें किती हें विचारण्याची सोय नव्हती. १९७३ च्या तेलसंकटानें तो प्रश्न जगभर उभा केला, आणि १९८३ च्या डिसेंबरांत ७९६ घनसेंटिमीटरांच्या इंजिनाची मारुती ८०० आली तेव्हां आमच्या मध्यमवर्गास त्याचें पहिलें समाधानकारक उत्तर मिळालें. तेव्हांपासून आमच्याकडे लहान मोटार विकली जाते ती याच एका आकड्यावर.

आतां हा आकडा येतो कोठून? पुण्यास कोथरुडजवळ वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था आहे. तेथें व तशा इतर प्रयोगशाळांत गाडीचीं चाकें मोठ्या रुळांवर ठेवितात. चाकें फिरतात, गाडी जागची हलत नाहीं. समोरून एक पंखा वारा घालीत असतो. चालकासमोर पडद्यावर एक रेषा सरकते व तिच्याप्रमाणें त्यानें वेग वाढवावयाचा किंवा कमी करावयाचा. जुन्या युरोपीय कसोटीवरून बेतलेली जी कसोटी आपल्याकडे चालत आली, ती ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांसहि वीस सेकंद कमी. तींत शहरी भाग चार वेळां येतो, तेथें वेग ५० च्या वर जात नाहीं. मग मोकळ्या रस्त्याचा भाग येतो, त्यांत तो ९० पर्यंत चढतो. सारें अंतर साडेदहा किलोमीटरांच्या आसपास आणि सरासरी वेग तासाला ३२ किलोमीटरांच्या आसपास. थंड हवेचें यंत्र बंद. इंधन किती जळलें हेंहि टाकींत पट्टी घालून पाहत नाहींत. नळींतून बाहेर पडलेल्या वायूंतील कार्बन मोजितात व त्यावरून जळलेल्या पेट्रोलाचा हिशेब मांडितात. ही युक्ति आम्हांस फारच आवडली.

तेव्हां पुस्तिकेंतील आकडा खोटा आहे, असा जो आरोप बांकावरील मंडळी करितात तो आम्हांस मान्य नाहीं. तो आकडा खरा आहे. परंतु तो एका विशिष्ट वीस मिनिटांचा खरा आहे. दोन गाड्यांपैकीं कमी खाणारी कोणती, हें सांगण्यास तो पुरेसा आहे. महिन्याचें बिल किती येईल हें सांगण्यासाठीं तो जन्मलाच नाहीं. आमच्या परीक्षांचें तरी दुसरें काय असतें? तीन तासांत पांच प्रश्न सोडवून मिळालेले गुण हे खरेच असतात. त्यावरून मुलगा पुढें संसार कसा करील हें ताडणारा बाप मात्र फसतो. आणि परीक्षा एकदां ठरली कीं तिचीं मार्गदर्शकें निघतात, मुलें परीक्षेपुरतीं तयार होतात, हाहि अनुभव दोहींकडे सारखाच. युरोपांत मोटारमालकांनीं स्वतः टिपून ठेविलेले आकडे जमवून अभ्यासकांनीं ताळा पाहिला तेव्हां असें दिसलें कीं, अधिकृत आकडा व प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत २००१ सालीं शेंकडा ८-९ होती, ती २०१५ पर्यंत शेंकडा ४० च्या पलीकडे गेली. गाड्या सुधारत होत्या खऱ्या. पण त्याहून जलद त्या परीक्षा देण्यांत तरबेज होत होत्या. जपानांत तर मित्सुबिशी कंपनीनें २०१६ च्या एप्रिलांत कबूल केलें कीं, सव्वासहा लाख लहान मोटारींच्या इंधनचाचणीचे आकडे फिरविलेले होते. ही मात्र सरळ कॉपी झाली.

असो. आम्ही जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानें अंधेरीकडील महाविद्यालयांत जातों. गांधीनगरच्या चौकांत वळावें, पवईच्या तलावाच्या कडेनें पुढें सरकावें, असा हा सुमारें बारा किलोमीटरांचा मार्ग. मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे राहिल्यापासून त्यास तास लागणें ही नित्याची गोष्ट झाली. या तासांतील निम्मा वेळ गाडी उभी असते. लहान गाडीचें इंजिन नुसतें उभ्या उभ्या, थंड हवा चालू असतां, तासाला सुमारें पाऊण लिटर पितें. म्हणजे अर्ध्या तासांत चारएकशें मिलिलिटर पेट्रोल एक इंचहि पुढें न जातां संपलें. उरलेले बारा किलोमीटर लिटरास वीस या उदार हिशेबानें गेले असें धरलें तरी त्यांस सहाशें मिलिलिटर लागले. बेरीज एक लिटर. आणि ‘किती देते?’ याचें उत्तर बारा. हा हिशेब ढोबळ आहे व आरंभथांबाचा खर्च त्यांत वेगळा धरलेला नाहीं. परंतु आमची वही त्याला साक्ष देते.

वहीची रीत सोपी आहे. टांकी कांठोकांठ भरावी, मीटरचा आकडा लिहावा. पुन्हां त्याच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत टांकी भरावी, आणि मधल्या किलोमीटरांस दुसऱ्या वेळच्या लिटरांनीं भागावें. एका भरण्याचा आकडा धरूं नये, कारण नळी कधीं लवकर थांबते, कधीं उशिरां. पांचसहा भरण्यांची बेरीज घ्यावी. गाडीच्या पुढच्या फळीवर जो आकडा झळकतो तो आमच्या गाडींत तरी वहीपेक्षां लिटरामागें एकानें अधिक असतो. महाविद्यालय चालू असतांना आमच्या वहींत १२.४ निघाले. मे महिन्यांत तेथें सुटी असते व रस्तेहि त्यामानानें मोकळे असतात, तेव्हां १४.८. द्रुतगतिमार्गानें पुण्यास जाऊन आलों त्या वेळीं, घाट धरून, १८.९. म्हणजे इमारतींतील ‘अठरा’ हा आकडा कोणींतरी कधींतरी लोणावळ्याच्या वाटेवर मिळविलेला असावा, व तो पुढें वंशपरंपरेनें चालत आला असावा.

अमेरिकेंत गाडीच्या कांचेवर शहराचा व हमरस्त्याचा असे दोन निरनिराळे आकडे छापितात, आणि २००८ च्या गाड्यांपासून तेथें थंड हवा, कडाक्याची थंडी व अधिक वेग यांच्याहि चाचण्या त्यांत मिळविल्या आहेत. आमच्या पुस्तिकांत शहराचा आकडा वेगळा छापावा, एवढी मागणी करण्यास ग्राहकांस कोणाची आडकाठी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

किलोमीटरांची भाषाहि मनुष्यास थोडी चकविते. आमच्या भाच्याच्या घरीं दोन गाड्या. एक जुनी मोठी, लिटरास दहा देणारी, दुसरी लहान, पंधरा देणारी. धांव दोहींची सारखीच. एक बदलावयाची होती. मोठीच्या जागीं बारा देणारी मिळत होती, लहानीच्या जागीं वीस. घरांतील सर्वांचें मत, दोनाचा फायदा सोडून पांचाचा घ्यावा. आम्हीं कागद घेतला. शंभर किलोमीटरांस पहिल्या बदलांत दहा लिटरांचे ८.३३ होतात, दुसऱ्यांत ६.६७ चे पांच होतात. दोन्हीं ठिकाणीं बचत १.६७ लिटरांची, अगदीं बरोबरी. ड्यूक विश्वविद्यालयांतील लॅरिक व सोल या दोघांनीं २००८ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत हाच भ्रम दाखवून दिला होता. लिटरास किलोमीटर न मोजतां शंभर किलोमीटरांस लिटर मोजले, तर तो होत नाहीं. पण मग म्हशीचा प्रश्न उलटा करून ‘किती खाते?’ असें विचारावें लागेल, आणि नव्या गाडीच्या पेढ्याबरोबर तें बरें दिसत नाहीं, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत पडलें.

त्यांत इथेनॉलाची भर पडली. २०२५ सालापासून देशभर मिळूं लागलेल्या पेट्रोलांत शेंकडा वीस भाग इथेनॉल असतें. लिटरभर इथेनॉलांतील उष्णता लिटरभर पेट्रोलाच्या सुमारें दोनतृतीयांशच. तेव्हां अशा मिश्रणांत शुद्ध पेट्रोलापेक्षां शेंकडा सहासात उष्णता कमी हें उघड आहे. नीति आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यांतहि जुन्या बांधणीच्या मोटारींस इतकी घट सोसावी लागेल असें नमूद केलेलें आहे. नव्या बांधणीच्या गाड्यांस ती बरीच कमी. उसाच्या शेतकऱ्यास यांतून चार पैसे मिळतात, परदेशीं जाणारें चलन वांचतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. फक्त किंमत लिटराची द्यावयाची, तर लिटरांत काय भरलें आहे हें मोजण्याचा हक्क घेणाऱ्यास असला पाहिजे.

हे सारें आमच्यासारख्या वेतनदारांस वहींतील करमणूक म्हणून चालतें. परंतु पूर्वेकडील वस्तींत राहणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. कर्ज काढून लहान सीएनजी गाडी घेतली व ती भाड्यानें चालवितात. एके रात्रीं ते हप्त्यांचे कागद घेऊन आमच्याकडे आले.

“सर, गाडी विकणाऱ्यानें मला हिशेब करून दिला होता. त्यांत हप्ता जाऊन मुलीच्या क्लासचे पैसे सुटत होते. आतां सुटत नाहींत. माझें कुठें गळतंय तें बघा.”

त्या हिशेबांत किलोस ३३ किलोमीटर धरले होते. हा आकडा ऐकून आमच्या पेट्रोलच्या गाडीवाल्यांस हेवा वाटतो, पण किलोभर सीएनजींतील उष्णता लिटरभर पेट्रोलाच्या सुमारें दीडपट असते, हें ते विसरतात. त्यांच्या भरण्याच्या पावत्या लावून पाहिल्या तों खरा आकडा २३ निघाला. रोजची धांव १२० किलोमीटर. तेहतीसच्या हिशेबानें गॅस ३.६ किलो लागावयाचा, तो लागतो ५.२ किलो. २०२५ सालच्या मुंबईच्या सुमारें ८० रुपये भावानें हा फरक रोज सव्वाशें रुपयांचा, आणि महिन्याच्या सव्वीस दिवसांत सव्वातीन हजारांच्या वर.

“म्हणजे माझ्या चालवण्यांत खोट नाहीं?” त्यांनीं विचारलें.

“नाहीं. तुम्ही जेथें चालवितां तेथें इतकेंच मिळावयाचें.”

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मुलगी अकरावीस, विज्ञानशाखेंत. तिला त्यांनीं अद्याप कांहीं सांगितलें नव्हतें. आम्हीं मग दोघांनीं मिळून नवा हिशेब मांडला. किलोस २३, वर सर्व्हिसिंग, टायर, आणि पंपावरील रांगेंत जाणारा वेळ. त्यांत असें दिसलें कीं, भाडें सोडून रिकामी परत आणण्याचेच किलोमीटर रोज तीसच्या घरांत जातात. सकाळची विमानतळाची दूरचीं भाडीं त्यांना मोठीं वाटत. रिकामी परतफेरी धरली तर पवईंतल्या पवईंत मिळणारीं लहान भाडीं त्यांहून फायद्याचीं ठरत होतीं. पुढच्या आठवड्यांत ते सावकारी कंपनीकडे गेले व कर्जाची मुदत एका वर्षानें वाढवून हप्ता कमी करून आले. व्याज अधिक जाणार, हें आम्हीं त्यांना आधींच मांडून दाखविलें होतें. “तें जाऊं दे, सर,” ते म्हणाले, “क्लासची फी जूनमध्यें भरायचीय.” ती त्यांनीं दोन हप्त्यांत भरली. वही आतां तेहि ठेवितात. तारखा त्यांच्या हाताच्या आणि भागाकार मुलीच्या हाताचे असतात.