दुसरी गिटार

मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी बार सरकवीत जी गिटार वाजवितात, तिला आपल्याकडे सारे हवाईयन गिटार म्हणतात. बाजारात ती ‘लॅप स्टील’ या नावानेही मिळते. हवाईतील जोसेफ केकुकू यांच्याकडे तिचे जनकत्व जाते. ताउ मो आणि त्यांचे कुटुंब १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिले आणि तेथे या वाद्याला पुष्कळ शिष्य मिळाले. पुढे १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यातून अशी मींड काढली की, हे वाद्य परके वाटेनासे झाले.

आम्ही काही वादक नव्हे. रविवारी संध्याकाळी चारपाच जण ओटीवर जमतो. व्हायोलिन, माउथ ऑर्गन आणि एक हवाईयन गिटार. नाताळची गाणी, जुनी चित्रपटगीते, जे आठवेल ते. ही गिटार मुख्यतः आमच्या मास्तरांची. एकेकाळी ते व्हायोलिन वाजवीत. डाव्या हाताची बोटे आखडली आणि तार दाबणे जमेना. हवाईयनमध्ये तार दाबावी लागत नाही, बार केवळ टेकवावा लागतो. त्यामुळे त्यांचे संगीत सुटले नाही.

अडचण आली ती जुळणीची. मास्तर ‘ए मेजर’ची जुळणी ठेवतात : खालून वर ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. आमच्या पुतण्याला ‘सी सिक्स्थ’ हवी : सी, ई, जी, ए, सी, ई. तिच्यात सी, ई, जी हे सी मेजर आणि ए, सी, ई हे ए मायनर, दोन्ही आडव्या बारखाली सापडतात. उदास चालीच्या गाण्यांना ती फार सोयीची. पण एकीवरून दुसरीवर जायचे तर चौथी तार तीन अर्धस्वर वर ताणावी लागते, म्हणजे तुटण्याची धास्ती. पाचवी पाच आणि सहावी चार अर्धस्वर उतरते, मग त्या ढिल्या तारा बारखाली खरखरतात. हा खटाटोप चालू असता मास्तर गप्प बसत आणि दोनतीन रविवारी तर लवकर उठून घरी गेले. तेव्हा दुसरी गिटार घ्यायचे ठरले.

आठ तारांची घ्यावी, असा एक आग्रह होता. आम्ही तो मानला नाही. नको त्या तारा उजव्या हाताने दाबून गप्प ठेवाव्या लागतात; तारा वाढल्या की ते कामही वाढते, आणि ओटीवरच्या बैठकीला सहा पुरेत. तारेची लांबी २२.५ इंच निवडली. खुणा जवळजवळ येतात, बार तिरपा धरणे सोपे जाते. लांब गिटारीचा नाद अधिक टिकतो, हे खरे. पण आम्हांला ही सोय मोलाची वाटली.

एक गोष्ट खरेदी करणाऱ्याने ध्यानी घ्यावी. या वाद्याचे पडदे म्हणजे नुसत्या खुणा. तार त्यांना टेकतच नाही. म्हणून स्वस्त साध्या गिटारीला छळणारे पडद्यांचे दोष येथे आड येत नाहीत. पाहायचे ते खुंट्या सरकतात का, सर्व तारा एका पातळीत आहेत का, बारावी खूण दोन टोकांच्या बरोबर मध्यावर आहे का, आणि पिकअप गुणगुणतो का. आम्ही घेतली ती साध्या लाकडी फळीसारखी आहे. दिसायला अगदीच बेताची. तिला ‘सी सिक्स्थ’साठीच्या जाडीच्या तारा मात्र निराळ्या मागविल्या.

आता जुनी गिटार ‘ए’मध्येच राहते. दोन्ही जुळण्यांत पहिली आणि तिसरी तार एकच स्वर धरते. पुतण्या आधी त्या दोन तारा मास्तरांच्या तारांशी मिळवून घेतो. मास्तर कान लावून ऐकतात आणि बहुधा अजून किंचित वर घ्यायला सांगतात.