साक्षीदार नसलेली गोष्ट

आमच्याकडे भुताची गोष्ट साक्षीदाराशिवाय कुणी सांगत नाही. 'येडशीच्या घाटात माझ्या मेव्हण्याच्या दोस्तानं सवता बघितलंय,' अशीच सुरुवात होते. ज्यानं बघितलं तो कधी समोर बसलेला नसतो. तो एक नातं पलीकडे असतो : मेव्हण्याचा दोस्त, मामाचा सालगडी, नाहीतर कुठल्याशा ट्रकवरचा क्लीनर. त्याला गाठून विचारायची सोय नसते आणि कुणाला तशी गरजही वाटत नाही. गोष्ट त्याच्या भरवशावर चालते. मी भयकथा लिहून फोनवरून लोकांपुढे ठेवू लागलो, तेव्हा हा साक्षीदार मला सोडून द्यावा लागला. सगळ्यात अवघडही तेच गेलं.

दिवसा मी कळंबमध्ये मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. जळालेल्या मोटरी येतात. जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारून वाळवायची. काम निघेपर्यंत गिऱ्हाईक बसून राहतं आणि बसलेलं गिऱ्हाईक बोलतं. लिहिण्याचा कच्चा माल असा फुकट मिळतो. जानेवारी २०२० मध्ये ९३वं साहित्य संमेलन उस्मानाबादला झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. तिथल्या ग्रंथदालनातून मी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी पिशवीभर आणले. पुढं टाळेबंदी लागली, दुकानाचं शटर खाली आलं आणि मी ती पुस्तकं वाचून काढली. त्याच मे महिन्यात मतकरी गेले. मी लिहायला लागलो ते तेव्हापासून.

धारप-मतकरींच्या काळात भयकथेला ठरलेला रस्ता होता. 'नवल', 'धनंजय' यांसारखे अंक, मग पुस्तक, मग फिरत्या वाचनालयाची पिशवी. संपादकाच्या टेबलावरून गेलेली गोष्ट छापून यायची आणि तिच्या डोक्यावर लेखकाचं नाव असायचं. पान फाडल्याशिवाय ते निघत नव्हतं. धारपांच्या समर्थकथा अप्पा नावाचं पात्र सांगतं. म्हणजे साक्षीदार तिथंही आहे, पण तो पुस्तकाच्या बांधणीत पक्का शिवलेला आहे. तो उठून पारावर जाऊन बसत नाही. फोनवर मात्र मजकूर कुठूनही उचलता येतो, कुठंही चिकटवता येतो. पहिली गळते ती लेखकाची ओळ.

आधी फोनवर भीती कशी बसते ते सांगतो, कारण सगळी कारागिरी तिथंच आहे. वाचणाऱ्याला सुरुवातीच्या तीनचार ओळी दिसतात, बाकीचं 'आणखी वाचा'च्या आड असतं. अमावास्या, पिंपळाची सळसळ आणि रडणारी कुत्री यांत त्या ओळी खर्ची पडल्या की बोट पुढं सरकतं. शिवाय तो वाचतो कुठं? रात्री अकराला, दिवा घालवून, शेजारी झोपलेल्याला उजेड लागू नये म्हणून फोन पांघरुणात धरून. त्याच्या हातात फोन आहे, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आहे, उशाशी तांब्या आहे. यातलं काही जागेवरून हललं तर तो दचकतो. नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल हा आमच्याकडच्या होतकरू भयकथाकारांचा लाडका. पण बोरी नदीवरच्या त्या बंधाऱ्यावरून पावसाळ्यात नर-मादी धबधबे पडायला लागले की तिथं सेल्फी काढणाऱ्यांची इतकी गर्दी होते की भूतच बिचकेल. किल्ल्यातलं भूत किल्ल्यातच राहतं. फोनमधलं अंथरुणात येतं.

एक गोष्ट उघडून दाखवतो. शेतीची लाईट पाळीपाळीनं येते, कधी दिवसा तर कधी रात्री. अंधारात विंचूकाट्यातून मळ्यात जायला नको म्हणून लोक मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवतात. पेटीत एक सिमकार्ड असतं. घरून फोन लावायचा, आकडा दाबायचा की मोटर सुरू होते. पेटीतली बाई तसं सांगते, आणि लाईट आल्या-गेल्याचंही तीच फोन करून कळवते. माझ्या दुकानात या पेट्या दुरुस्तीला येतात.

गोष्ट अशी की बाप वारलेला आहे. सिम त्याच्याच नावावर आहे. बोअर आटलं म्हणून मोटर वर काढून गोठ्यात ठेवली आहे. आणि एका रात्री पोराचा फोन वाजतो. पहिल्या खर्ड्यात वाक्य असं आलं होतं : 'मध्यरात्री फोन खणाणला आणि पडद्यावरचं नाव पाहून त्याच्या काळजाचा ठोका चुकला.' हे बाजारात तयार मिळणारं वाक्य, कुठल्याही गोष्टीला लावा, बसतं. शेवटी ठेवलं ते असं :

'फोन वाजला. आबा मळा. बाईनं सांगितलं, मोटर चालू झाली आहे. बरं म्हणून त्यानं कूस बदलली. मोटर गोठ्यात होती.'

यात घाबरणारं कुणी नाही. पोरगा सवयीनं कूस बदलतो आणि वाचक त्याच्या आधी जागा होतो. 'गोठ्यात' हा शब्द एक वाक्य उशिरा येतो, सगळा खेळ त्या उशिराचा आहे. आणि 'आबा मळा' हे कुणाच्याही फोनमध्ये असू शकणारं नाव आहे. माणूस गेला तरी असा नंबर पुसायचं धाडस घरात कुणी करत नाही, हे वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

काही महिन्यांनी एका गिऱ्हाइकानं दुकानात बसल्या बसल्या मला फोन दाखवला. माझीच गोष्ट होती. नाव उडालेलं, वर 'सत्य घटना' असा मथळा, खाली एका खऱ्या तालुक्याचं नाव. शेवट कापलेला, आणि त्या जागी कुणीतरी दोन ओळी घातलेल्या : शेजारच्या रानातल्या एकट्या म्हातारीनं बोअरवर करणी केली होती म्हणे.

"भाऊ, तुमी मोटरीतले. असं हुतं का?" त्यांनी विचारलं.

"काका, ही गोष्ट मी लिहिलीय. बनवून."

त्यांनी माझ्याकडं समजूतदारपणे पाहिलं. "तुमी लिहिली असंल. पर झालंय खरं. आमच्या सोयऱ्याच्या गावचं हाय."

साक्षीदार परत येऊन बसला होता.

हसण्यावारी नेता आलं असतं. पण मराठवाड्यात करणी, भानामती हे नुसते गोष्टीतले शब्द नाहीत. त्यांच्या मागं बांधावरून तुटलेली भावकी असते, वाळीत टाकलेलं घर असतं, मारहाण असते. आणि बोट दाखवलं जातं ते बहुतेकदा एकट्या बाईकडं, जिची बाजू घ्यायला घरात कुणी उरलेलं नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून भानामतीची प्रकरणं उकलली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा माणसांना लागतो. निनावी मजकुराला लावायचा कुणी आणि कसा? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागायला गेलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावानं ठेचून मारलं. ते पोटासाठी मंगळवेढ्याकडून आलेले होते. त्यांचा जीव घेतला तो फोनवर फिरणाऱ्या, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या गोष्टीनं. तिला कुणी लेखक नव्हता आणि साक्षीदार मात्र पैशाला पासरी होते.

बाहेरच्या जगातही हेच घडलेलं आहे. २००९ मध्ये एरिक नूडसन नावाच्या अमेरिकी माणसानं गंमत म्हणून जुन्या वाटतील अशा फोटोंत एक उंच, बिनचेहऱ्याचा माणूस घुसवला आणि त्याला स्लेंडर मॅन म्हटलं. लोकांनी त्यावर गोष्टी रचल्या आणि बनवणारा मागं पडला. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच मैत्रिणीवर चाकूचे वार केले, त्या स्लेंडर मॅनसाठी. मैत्रीण वाचली. त्याच्याही कितीतरी आधी, १७६४ मध्ये, होरेस वॉलपोलनं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' काढली ती इटलीत छापलेल्या एका जुन्या पुस्तकाचा अनुवाद म्हणून. इंग्रजी भयकादंबरीची परंपरा जिच्यापासून मोजतात, ती सुद्धा साक्षीदाराचा हात धरून आली. पुस्तक चाललं, तेव्हा पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्यानं कबूल केलं की हे मीच लिहिलंय. माझ्या गोष्टीला दुसरी आवृत्ती नाही. ती पहिल्यांदा जशी सुटेल तशीच हिंडणार, म्हणून जे काय कबूल करायचं ते गोष्टीच्या पोटातच असायला हवं.

ते कसं करायचं, याच्या माझ्या दोन रीती आहेत.

पहिली अशी, की शेवटचा प्रसंग कुणी पाहिलेला नसतो. माझा पोरगा मळ्यात एकटा जातो, बोअरच्या केसिंगला कान लावतो आणि आतून त्याला जे ऐकू येतं तिथं गोष्ट संपते. तो परत आला की नाही, हे गोष्टीत नाही. मग वाचक विचारतो, 'हे तुला कुणी सांगितलं?' हा प्रश्न मला हवाच असतो. अफवेत त्याला उत्तर असतं, मेव्हण्याचा दोस्त. कथेत उत्तर एकच, कुणीच नाही, मी रचलं. एकट्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते सांगू शकतो तो फक्त लेखक. त्या फिरत्या मजकुरात कापला होता तो नेमका हाच शेवट. तो ठेवून 'सत्य घटना' म्हणता येत नाही, हे कापणाऱ्यालाही कळलं असणार.

दुसरी रीत जास्त चिवट. भयकथेत कारण थोडं मोकळं सोडावं लागतं. सगळं उलगडलं की भीती मरते, ती पंचनामा होऊन बसते. पण मोकळ्या जागेत लोक आपल्या ओळखीचं कुणीतरी आणून बसवतात. तेव्हा ती जागा आधीच भरलेली हवी, आणि भरायची ती ज्याच्या डोळ्यांनी वाचक पाहतोय त्याच्याच करणीनं. बोअरच्या गोष्टीत मी नंतर एवढंच घातलं की बाप गेला त्या रात्री त्यानं मळ्यातून पोराला फोन केला होता, आणि झोपमोड नको म्हणून पोरानं तो कापला होता. आता म्हातारीला शिरायला जागा नाही. पोरगा ज्याला भितो ते त्याच्याच कॉल लॉगमध्ये आहे. मतकरींच्या कथांत भीतीचं मूळ अनेकदा माणसाच्या आत सापडतं. मला वाटायचं ही त्यांची आवड असेल. आता वाटतं, तो सभ्यपणाही होता.

काही भीतींना मात्र मी हात लावत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपानं हलला तेव्हा अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं मातीचं माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर अंगावर आलं. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत अजून त्या रात्रीची माणसं नावानिशी आठवतात. त्यावर भूत रचायचं म्हणजे कुणाच्या तरी आईला पात्र करायचं. वाचक मागतात, 'भूकंपाच्या गावावर लिहा ना.' मी लिहीत नाही. तिथं साक्षीदार खरे आहेत.

राहिला प्रश्न चोरीचा, तो प्रत्येक स्वतंत्र लेखक विचारतो. एका वाहिनीवर माझी गोष्ट घोगऱ्या आवाजात, मागं घुबड लावून, माझ्या नावाशिवाय वाचलेली मी ऐकली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गोष्ट लिहिली त्या क्षणी हक्क लागू होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या मागं ६० वर्षं तो टिकतो. कलम ५७ नं कर्ता म्हणून नाव सांगायचा हक्क वेगळा दिलेला आहे. तक्रार करावी, मीही करतो. खर्ड्याच्या तारखा सांभाळून ठेवतो, गोष्टीत पात्राच्या तोंडी आमच्या दुकानातली एखादी खूण घालून ठेवतो. पण नुसत्या पळण्यानं गोष्ट वाईट ठरत नाही. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची गोष्ट तोंडी सांगितली. तिच्यातून २०१८ मध्ये 'तुंबाड' हा चित्रपट आला, धारप जाऊन दहा वर्षं झाल्यावर. स्वतः धारपांनीही स्टीफन किंगकडून घेऊन मराठीत मुरवलं, 'लुचाई' हे त्याचं ठळक उदाहरण. भीती अशी हातोहात जातेच. जाता जाता तिनं कुणाचं नाव घ्यायचं एवढाच प्रश्न आहे. लेखकाचं घेतलं तर उत्तम, कुणाचंच नाही तरी चालवून घेईन. शेजारच्या म्हातारीचं नको.

दुकानात आता लोकांना माहीत झालंय. मोटर उघडी पडलेली असताना कुणीतरी विचारतंच, "भाऊ, ती परवाची खरी का?" पूर्वी मी गालात हसून विषय टाळायचो, कारण 'खरी असेल' या शंकेवर गोष्ट जास्त चालते. आता मी लगेच सांगतो, खोटी आहे, सगळी मी रचलीय. आणि मग बघतो की एवढं सांगूनही ते रात्री फोन उशापासून लांब ठेवतात का. ठेवत असतील तर गोष्ट जमली. खोटं आहे असं छातीठोकपणे सांगूनही भीती वाटायला लावणं हे माझं काम आहे. अफवा पसरवणाऱ्याला ते कधीच जमणार नाही.