तलवारींची खूण

परवा जुन्या वस्तूंच्या एका सचित्र पुस्तकात एका सुरईचे चित्र पाहिले आणि पान उलटवेना. जर्मनीतल्या माइसेन कारखान्याची, पोर्सेलीनची. अंगावर समुद्रदेव नेपच्यून, सोबत त्याचे समुद्री घोडे. योहान योआखिम केंडलर या शिल्पकाराने १७४१-४२च्या सुमारास पृथ्वी, जल, अग्नी, वायू अशा तत्त्वांवर सुरया घडवल्या, त्यांतली ही जलाची. आपली महाभूते पाच, त्यांची चारच! अंगावर इतके देव चढवल्यावर तिच्यातून पाणी ओतायची कुणाची छाती होणार? ती नुसती बघायची.

पण मला त्या सुरईपेक्षा तिच्या मातीची गोष्ट जास्त लागली. योहान फ्रिडरिख ब्यॉटगर हा विशीच्या आतला पोरगा, आपण सोने करू शकतो अशी बढाई मारून बसला. १७०१ साली सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने त्याला कोंडून घातले : कर सोने! सोने काही झाले नाही. मात्र चिर्नहाउस या विद्वानाबरोबर प्रयोग करता करता १७०८च्या सुमारास पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचे गुपित हाती लागले. युरोपातले श्रीमंत ज्यासाठी चीनच्या मालावर पैसा ओतत होते, तेच! चिर्नहाउस त्याच साली वारला. १७१० साली कारखाना निघाला. ब्यॉटगर सुटला १७१४ साली आणि १७१९ साली मेला. वय अवघे सदतीस.

पुढे माइसेनच्या भांड्यांच्या बुडाशी निळ्या रंगात खूण येऊ लागली. दोन आडव्यातिडव्या तलवारी, सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या. माती शोधली कैद्याने, खूण राजाची.

मी सरकारी कारकून. वीस वर्षे टिपणे लिहितो, खाली सही साहेबांची. त्याची तक्रार नाही, पगार वेळेवर मिळतो. तरी त्या तलवारी पाहून घशात काहीतरी अडकले खरे.

संध्याकाळी आईची तोरांच्या लोणच्याची बरणी पुसून ठेवताना सहज उलटी करून पाहिली. बुडाशी काहीच नव्हते. आईला विचारले, "गे, ही कोणी केली असेल?"

ती म्हणाली, "कोणी का करीना. चाळीस वर्षांत एकदा लोणचे नासले नाही."

ब्यॉटगरला असे कुणी म्हटले असेल का?