आर्गनवाल्या काकांचं देणं

माझं पोट लेझरवर चालतं, पण अ‍ॅल्युमिनियम मला शिकवलं ते भोसरीतल्या एका आर्गन वेल्डरने. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचे ट्रे लेझरने जोडायचं काम कारखान्यात आलं तेव्हा मी नवा इंजिनिअर होतो आणि काका निवृत्तीला टेकले होते.

अ‍ॅल्युमिनियम लेझरला सहज दाद देत नाही. चकचकीत पत्रा बहुतेक प्रकाश परत फेकतो आणि जी थोडी उष्णता आत शिरते ती भराभर पसरते. म्हणून किरण इतका एकवटावा लागतो, की धातूची वाफ होऊन खोल छिद्र पडतं आणि त्याच्या भिंतींवर आपटत आपटत प्रकाश आत मुरतो. एवढं पुस्तकात होतं. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन भरपूर विरघळतो, गोठताना मात्र त्याला जागा उरत नाही आणि वेल्डमध्ये बुडबुडे अडकतात, हेही होतं. तो हायड्रोजन येतो कुठून, ते काकांनी दाखवलं. "साहेब, मशीन नंतर बघू, आधी हा ठसा बघा," म्हणत त्यांनी पत्र्यावर उमटलेल्या तेलकट बोटांकडे खूण केली. मग पावसाळ्यात उघडी राहिलेली फिलर वायर. मग कटिंग ऑइल. त्यांचा स्टेनलेसचा ब्रश फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी. लोखंडाला लावलेला त्यांना खपत नसे. धातू ६६० अंशांना वितळतो, पण वरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्याही पुढे. तो घासून काढायलाच हवा.

६०६१ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला तडे जाऊ लागले तेव्हाही तेच म्हणाले, "ही जात तारेशिवाय फाटते." ४०४३ फिलर वायर लावली. तिच्यातल्या ५ टक्के सिलिकॉनमुळे गोठता गोठता उरलेल्या फटी भरून निघतात. तडे थांबले.

त्यांना द्यायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. काका बारामतीकडचे. कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये शोधणारे कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांनी दिवसभर सगळ्या शॉपला ऐकवलं.

आज लेझर आला की आर्गनवाल्यांना घरी पाठवतात. कारखानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नव्या मशीनशेजारी निदान पहिलं वर्षभर त्या माणसाला उभं करा, आणि पगार इंजिनिअरच्या बरोबरीने द्या.