मोजून दिलेली माया

आम्हां वऱ्हाडकरांना माया मोजून देता येत नाही. पाहुण्याने ‘पुरे’ म्हटले की आणखी एक पोळी वाढावी, असा आमचा रिवाज. मूल जरा हडकुळे दिसले की दूध, तूप, शेंगदाणे यांचा मारा सुरू होतो. तेही अंगी लागले नाही तर शक्तीच्या डब्यांकडे मोर्चा वळतो.

म्हणूनच आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, एका विद्यार्थ्याच्या स्वयंपाकघरात, खामगावच्या चांदीच्या पेढीवर शोभावा असा नाजूक काटा पाहून मी चकित झालो. त्याची आई त्यावर भात तोलत होती. म्हणाली, “गुरुजी, दुसऱ्याच्या लेकराले जे वरन बळ देते, ते याच्यासाठी इख हाय.”

रोगाचे नाव फेनिलकीटोनुरिया. नाव अवघड, गोष्ट सोपी. दूध, डाळ, अंडी यांतल्या प्रथिनांत फेनिलॅलनिन नावाचा घटक असतो. आपले यकृत त्याचे रूपांतर करते. ते काम करणारे विकर या मुलात जन्मतःच अपुरे. मग तो घटक रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि तेव्हाही दर खेपेस चारांत एक अशी शक्यता असते. एकट्या सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

1934 साली नॉर्वेत डॉ. फेलिंग यांनी हा रोग ओळखला, तोही एका आईने आपल्या दोन मुलांच्या अंगाला येणाऱ्या विचित्र वासाचा पिच्छा पुरवला म्हणून. पुढे बर्मिंगहॅमला दुसरी एक आई डॉ. बिकेल यांच्यामागे उपायासाठी हात धुऊन लागली. 1953 साली त्यांनी या आहाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या डॉ. गथ्री यांनी 1963 साली नवजात बाळाच्या टाचेतले रक्त टीपकागदासारख्या कागदावर टिपून रोग हेरण्याची रीत मांडली. जन्मभर टीपकागदाने शाईचे डाग टिपणाऱ्या मला तिचे भारी कौतुक वाटते.

हा घटक अजिबात बंद करूनही चालत नाही. वाढीला थोडा लागतोच. म्हणून काटा. प्रथिनांची उरलेली गरज एक पूड भागवते. तीत तो घटक सोडून बाकीचे सारे असते. शक्तीचे डबे इतरांची हौस भागवतात. ही पूड त्या मुलाची भाकरी आहे. 2021 च्या दुर्मीळ रोगांच्या राष्ट्रीय धोरणात अशा खास आहाराची दखल आहे. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्याचे एक केंद्र. आमच्याकडून मलकापूरला गाडी धरायची.

तापात ‘लंघन परम औषध’ म्हणणारी आपली माणसे. पण जंतूंशी झुंजताना अंगात दाह पेटतो, भूक मरते आणि शरीर आपलेच स्नायू मोडून खाते. त्या मोडीतून नको तोच घटक रक्तात उतरतो. या रोगाची काही भावंडे तर याहून कडक. त्यांत तापातले लंघन मुलाला बेशुद्धीपर्यंत नेते. तिथे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेले साखरेचे पेय पाजत तडक दवाखाना गाठावा लागतो.

दाहावर हळदीच्या, माशाच्या तेलाच्या गोळ्या सुचवणारे हितचिंतक या माउलीला पुष्कळ भेटतात. असल्या गोळ्यांनी विकराची उणीव भरून निघत नाही. सेलेनियम, ब-12 अशा आहारात कमी पडू शकतात. तेही रक्त तपासून, मोजूनच द्यायचे.

मुलगा मात्र माझ्या वर्गात एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणतो. तो पाढा त्या काट्यावर उभा आहे.

दिवाळी आली की त्या आईच्या जिवाला घोर लागतो. तिला भय वाटते ते शेजारच्या प्रेमळ काकूंचे. बेसनाचा लाडू, शेव, शेंगदाण्यांचा चिवडा. आणि वर ‘एवढ्याशाने काय होते?’ लक्ष्मीपूजनाचे बत्तासे निव्वळ साखरेचे, म्हणून ते त्याला न तोलता मिळतात. तेव्हा वाचकहो, फराळाच्या वेळी एखादी आई ‘नको’ म्हणाली, तर आग्रह न करता लाडू डब्यात परत ठेवावा, आणि मुलाच्या हातावर बत्तासा द्यावा. तोही तिला विचारून.