डुकराची पायपीट

वराहावताराची कथा हात जोडून ऐकणारे आम्ही प्रत्यक्ष वराहाचें नांव निघतांच नाक मुरडतों. परंतु श्रमांचा ठसा शरीरावर कसा उमटतो हें पाहावयाचें असेल, तर या प्राण्याइतकें उघड उदाहरण क्वचितच सांपडेल.

स्पेनच्या नैर्ऋत्येस, एस्त्रेमादुरा व आन्दालुसिया या प्रांतांत, ओकवृक्षांचीं विरळ रानें आहेत. त्यांस तेथील लोक 'देएसा' म्हणतात. शरद ऋतूंत ओकचीं फळें गळूं लागलीं म्हणजे इबेरियन जातीचीं काळीं डुकरें तेथें मोकळीं सोडतात, आणि तीं झाडामागून झाड हिंडून पोट भरतात. २०१४ च्या सरकारी नियमाप्रमाणें या फळांवर पोसल्याची मोहोर मिळावयास निदान ६० दिवसांचें असें चरणें आणि ४६ किलोंची वाढ लागते. हेक्टरीं १.२५ डुकरांहून अधिक दाटी कोठेंच चालत नाहीं. (हें पाव डुक्कर अर्थात् कागदावरच चरतें!) त्यांचें मांस गडद तांबडें, मधून मधून चरबीच्या रेघा असलेलें असतें.

सूर्यनमस्कारांवर वाढलेल्या आमच्या मनाला याचें सारें श्रेय पायपिटीस द्यावेंसें वाटतें. तें पुरतें खोटें नाहीं. स्नायूंतील कांहीं तंतू प्राणवायूवर सावकाश चालतात व मायोग्लोबिन या द्रव्यानें तांबडे दिसतात. कांहीं झटपट काम करणारे, फिकट असतात. नित्य चालण्यानें पहिल्यांचें पारडें जड होतें. तथापि नुसत्या व्यायामाच्या प्रयोगांत मांसाचा फरक बहुधा थोडाच आढळला आहे. चवीचा मोठा वांटा जातीच्या अंगच्या चरबीचा आणि ओकच्या फळांचा. कारण डुक्कर खाल्लेली स्निग्धता फारशी न बदलतां अंगीं सांठवितें.

खरा घात होतो तो शेवटच्या घटकेच्या धावपळीनें. श्वास थांबला तरी स्नायूंतील ग्लायकोजनचें दुग्धाम्ल होत राहतें, आणि पीएच कित्येक तासांत ७ वरून साडेपांचाच्या आसपास उतरतो. हा उतार सावकाश हवा. प्राणी हाकलला, भेदरला, आरडाओरड करीत पळाला, तर अंग गरम असतांनाच आम्ल सांचतें. प्रथिनें बिघडतात, मांस फिकें व लिबलिबीत होऊन पाणी सोडतें. उलट लांबच्या प्रवासानें, उपासानें, अनोळखी सोबत्यांशीं झुंजून जें आधींच गळालें, त्याच्यांत ग्लायकोजन उरत नाहीं. त्याचें मांस काळसर, कोरडें राहतें आणि लवकर नासतें.

कांहीं डुकरांच्या तर रक्तांतच हा धोका असतो. स्नायूंत कॅल्शियम सोडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांतील एका अक्षराचा बदल १९९१ सालीं उघडकीस आला. तो ज्यांना आईबापां दोघांकडून मिळाला, तीं थोड्या धांदलीनेंही ताठरून मरूं शकतात. भरगच्च मांस व कमी चरबी यांच्या लोभानें पैदासकारांनीं नकळत हेंच वाण वाढविलें होतें.

म्हणून चांगल्या कत्तलखान्यांत डुकरांना आधीं दोन-तीन तास विसांवा देतात, उन्हाळ्यांत अंगावर पाण्याचा शिडकावा करतात, आणि एका कळपाचीं दुसऱ्यांत मिसळूं देत नाहींत. टपकणारें पाणी म्हणजे व्यापाऱ्याचें घटणारें वजन, हें त्यांतलें कारण आम्ही विसरत नाहीं.