स्वतःविषयी खरं लिहिताना

“टीचर, हे सगळं छान आहे. पण ही मी नाही.”

बारावीची ती मुलगी एवढंच बोलली आणि मी गप्प झाले. तिच्या हातात मीच लिहून दिलेला निबंध होता. लहानपणापासून आपल्यात नेतृत्वगुण आहेत, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. दोन रात्री जागून मी तो लिहिला होता. वाटलं होतं, मुलगी खूश होईल.

ही गोष्ट डिसेंबर 2024 ची, चिपळूणची. आपल्याकडे बी.ए.ला प्रवेश म्हणजे बारावीचे गुण आणि कॉलेजच्या दारावर लागणारी मेरिट लिस्ट, एवढंच आपल्याला ठाऊक. पण काही विद्यापीठं चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी मुलांना वेगळ्या पद्धतीने निवडतात. बेंगळुरू आणि भोपाळला असलेलं अझीम प्रेमजी विद्यापीठ किंवा हरियाणात सोनीपतचं अशोका विद्यापीठ ही त्यांतली ठळक नावं. अशा ठिकाणी गुणांबरोबर प्रवेश परीक्षा असते, मुलाखत असते, आणि घरची ऐपत नसेल तर फी माफीही मिळू शकते. पदवीनंतरचे नेतृत्वाचे अभ्यासक्रमही असेच. अशोकाची 2011 साली सुरू झालेली यंग इंडिया फेलोशिप त्यांतलीच एक. असे अर्ज भरताना एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत समोर येतोच: तुम्ही स्वतःहून पुढाकार घेऊन काय केलंत?

या प्रश्नापाशी आमची मुलं अडतात. आणि मुलं अडली की आम्ही शिक्षक त्यांच्या हातातलं पेन काढून घेतो.

माझ्याकडून हे आधीही झालं होतं. दोन वर्षांपूर्वी एका हुशार मुलाचा अर्ज मी असाच लिहून दिला. शाळेच्या वृक्षारोपणात तो फोटोपुरता उभा होता. मी लिहिलं की ती मोहीम त्याच्या नेतृत्वाखाली झाली. मुलाखतीत त्याला साधा प्रश्न आला, “त्यांतली किती झाडं जगली?” त्याला काय ठाऊक! निवड झाली नाही. तो मला काही बोलला नाही. पुढे त्याच्या आईकडून कळलं की घरी येऊन तो दिवसभर जेवला नव्हता. त्या मुलाला मी मदत केली नव्हती, खोटं बोलायला बसवलं होतं. तरीही दोन वर्षांनी मी पुन्हा तेच करत होते.

मी निबंध बाजूला ठेवला आणि मुलीला विचारलं, “मग तू कोण आहेस ते सांग.”

“मी काय केलंय टीचर? मी कधी मॉनिटरपण नव्हते.”

तेव्हा मला 2021 चा जुलै आठवला. 22 तारखेला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, बाजारपेठ आणि आमचे मोहल्ले बुडाले. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल होता आणि दोऱ्यांवर कपड्यांबरोबर रेशनकार्डं, आधारकार्डं वाळत होती. चार-पाच दिवसांनी मी धान्याच्या पिशव्या घेऊन त्यांच्या गल्लीत गेले, तर ही मुलगी ओट्यावर पाट मांडून बसलेली. तेव्हा ती नववीत होती. समोर बायकांची रांग. ज्यांना मराठी लिहिता येत नव्हतं, त्यांचे नुकसानभरपाईचे अर्ज ती भरून देत होती. शेजारी एक वही. कोणाचा कुठला कागद भिजून गेला, कोणाचा पंचनामा राहिला, तलाठ्यांकडे कोणी कधी जायचं, सगळं तारखेनिशी. त्या वहीत 34 नावं होती.

“ते होय?” ती म्हणाली. “ते तर कोणीपण केलं असतं.”

“पण केलं तू.”

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या तिच्या अम्मी मध्ये बोलल्या, “टीचर, नेकी करून बोलून दाखवायची नसते. सवाब जातो.”

त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेऊ शकत नव्हते. आपण याच शिकवणुकीत वाढलो. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं आपणच मुलांना सांगतो. रियाकारीची भीती मनात असणं ही ईमानाची निशाणी आहे. पण त्या रात्री मला हजरत युसूफ (अलै.) यांचा किस्सा आठवला. मिस्रच्या बादशाहाकडे त्यांनी स्वतःहून देशाच्या कोठारांची जबाबदारी मागितली, आणि त्या कामासाठी आपण लायक का आहोत तेही सांगितलं: सांभाळण्याची अमानतदारी आणि कामाचं ज्ञान. आपल्या रूपाविषयी किंवा घराण्याविषयी ते बोलले नाहीत. कामाला जे लागणार होतं, तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी अम्मींना हेच म्हणाले. लोकांनी वाहवा करावी म्हणून सांगणं वेगळं आणि जबाबदारी मागताना विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं वेगळं. नियत आपली आपल्याला ठाऊक असते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आत गेल्या आणि कपाटातून ती वही घेऊन आल्या. साडेतीन वर्षं त्यांनी ती जपून ठेवली होती.

मुलीने निबंध स्वतः लिहिला. इंग्रजी साधं होतं, दोन-चार ठिकाणी व्याकरण अडखळलं होतं. पण मजकूर वाचताना चिखलाचा वास आला. शेवटच्या परिच्छेदात मात्र तिने एक गोष्ट लिहिली होती, जी मलाही ठाऊक नव्हती. एका म्हाताऱ्या खालांच्या अर्जात तिने खाते क्रमांक चुकीचा लिहिला होता. पासबुक भिजलेलं, एकाचा आकडा सातासारखा दिसला. बाकीच्यांचे पैसे जमा झाले, खालांचे अडकले. चूक आपली आहे हे कळल्यावर ही मुलगी दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी खालांकडे गेली, माफी मागितली आणि त्यांना घेऊन कार्यालयात तीन खेपा घातल्या. तेव्हापासून ती कुठलाही आकडा दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेते.

“हे काढून टाक,” मी म्हणाले. “निवडणाऱ्यांना चूक कशाला सांगायची?”

“हे काढलं तर बाकीचं खोटं वाटेल, टीचर. मी जे शिकले ते यातूनच शिकले.”

मी बी.एड. केलेली बाई; पण त्या दिवशी मला धडा मिळाला तो माझ्या विद्यार्थिनीकडून. परिच्छेद राहिला.

मग माझी पाळी आली. अर्जासोबत माझं शिफारसपत्र जायचं होतं. कित्येक वर्षं मी एकच पत्र नाव बदलून देत आले होते: मेहनती, आज्ञाधारक, प्रामाणिक. या तीन शब्दांवरून कुठलाच मुलगा किंवा मुलगी ओळखू येत नाही. मनात आलं, शिफारसपत्र म्हणजे शहादत आहे. जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगायचं. मग मी तो ओटा, तो पाट आणि ती वही लिहिली. तिचं गणित कच्चं आहे आणि वर्गात प्रश्न विचारायला ती लाजते, हेही लिहिलं.

फी माफीसाठी उत्पन्नाचे कागद लागत होते. मुलीचे अब्बा कुवेतला ड्रायव्हर. नात्यातल्या कोणीतरी सुचवलं, “कुवेतचा पगार कशाला दाखवता? इथला तहसीलचा दाखला काढा, कमी रकमेचा.” अम्मींनी मान हलवली. “पोरीने आपली चूक लिहून दिली, आणि मी पगार लपवू?” अब्बांनी कंपनीकडून पगाराचं पत्र आणलं, बँकेचे कागद पाठवले, अंगावरचं कर्ज आणि भाड्याचं घर, सगळं मांडलं.

अर्ज दोन ठिकाणी गेला. एका विद्यापीठातून पहिल्याच फेरीत नकार आला. मुलगी रडली. मी तिला म्हणाले की नकार अर्जाला आलाय, तुला नाही. पण खरं सांगते, त्या रात्री माझीही झोप उडाली. वाटलं, माझाच चकचकीत निबंध गेला असता तर? दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीला बोलावणं आलं. तिथे तिला चुकलेल्या खाते क्रमांकाबद्दलच सर्वांत जास्त विचारलं गेलं. ती अडखळली, पण थांबली नाही. जगलेल्या गोष्टीचं पाठांतर करावं लागत नाही.

प्रवेश मिळाला. फीचा मोठा भाग माफ झाला, सगळी नाही. शुक्रवारी अब्बांचा व्हिडिओ कॉल आला. “मॅडम, एवढ्या लांब, एकटी मुलगी. नमाज, जेवण, संगत... जमेल का?” मी त्यांना खात्री दिली नाही, ती माझ्या हातात नव्हतीच. एवढंच म्हणाले, “नववीत तिने मोहल्ल्याचे कागद सांभाळले. आता तिच्यावर भरवसा ठेवण्याची पाळी आपली.” ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, “दर जुम्याला फोन करायचा.” अलहम्दुलिल्लाह, ती करते.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरात अकरावी-बारावीचं मूल असेल तर दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. असे अर्ज बारावीच्या निकालानंतर भरायचे नसतात. बोर्डाच्या परीक्षेच्या कित्येक महिने आधी ते सुरू होतात. म्हणून अकरावीतच चौकशी करा आणि उत्पन्नाचे कागद तयार ठेवा. दुसरी गोष्ट, मुलांना “तू काय केलंस?” असं विचारत जा. आजारी दादींची औषधं कोण आणतं, धाकट्या भावाचा अभ्यास कोण घेतं, दुकानाचा हिशोब कोण लिहितं? यालाही पुढाकार म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

माझ्या वर्गात आता दर गुरुवारी शेवटची दहा मिनिटं मुलं एका वहीत लिहितात: या आठवड्यात कोणी न सांगता मी काय केलं आणि त्यात काय चुकलं. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, हरकत नाही. मी त्या वह्या तपासते, पण लाल पेन घेऊन नाही. आणि मुलांच्या वतीने एक ओळही लिहीत नाही.